शेंगा सोला, बाई

सुवर्णा, विद्यापीठाच्या विभागात मी तुला कायम 'मॅडम'च म्हणत आले. आज 'तू' म्हणते. तू काही आता रागवायला यायची नाहीस, आणि आली असतीस तरी मी ऐकलं नसतं. आठवीत तुझा कान धरलाय मी.

लोक भेटतात आणि हळू आवाजात विचारतात, "बाई, तुमच्या गाईड गेल्या म्हणे?" मी मान हलवते, पण आतून असा संताप येतो! गाईड कसली गेली? माझी पोरगी गेली. मोडनिंबच्या शाळेत दुसऱ्या बाकावर बसणारी, तेल चोपडून दोन घट्ट वेण्या घालणारी, कधी आपणहून हात वर न करणारी आणि उभं केलं की बरोबर उत्तर देणारी माझी विद्यार्थिनी गेली. पीएचडीची मार्गदर्शक वगैरे तू फार नंतर झालीस. त्याआधी मी तुझी बाई होते. निदान या एका बाबतीत तरी मोठ्या माणसाला पुढे जाऊ द्यायचं होतंस.

साधा ताप, साधा ताप म्हणत होतीस. त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. दवाखान्याच्या त्या बाकड्यावर बसून जे पाहिलं ते माझ्यापाशी राहू दे.

माझा विभागातला पहिला दिवस आठवतो का गं? मी प्रवेश परीक्षा पास झाले तेव्हा आमच्या ह्यांनी कुर्डुवाडीच्या अख्ख्या गल्लीत पेढे वाटले, आणि घरात आल्यावर म्हणाले, "आता नोकरी संपत आली तुझी. या वयात डॉक्टर होऊन कुणाला इंजेक्शन देणार आहेस?" तरी सकाळच्या गाडीला मला बसवून द्यायला तेच आले होते. विद्यापीठात पोचले, विभाग शोधला आणि तुझ्या दारावरची पाटी वाचत उभी राहिले. डॉक्टर, मग सुवर्णा, मग तुझ्या वडिलांचं नाव. हजेरी घेताना किती वेळा हाच क्रम म्हटला असेल, फक्त तो पहिला शब्द नव्हता. डोळे भरून आले, पण बाई असल्यामुळे मी लगेच नाक शिंकरून मोकळी झाले.

आत आले तशी तू ताडकन उठून उभी राहिलीस. तू उभी म्हणून मी बसेना, मी बसेना म्हणून तू बसेनास. मग तू वाकलीस माझ्या पाया पडायला. आणि मी गाडीतच ठरवून आले होते, वय काहीही असो, गाईड म्हणजे गुरू, पहिल्या दिवशी नमस्कार करायचाच. मीही वाकले. टक्कन डोकी आपटली आपली. दारात तुमचा क्लार्क फाईल घेऊन उभा होता, तो बिचारा पंख्याकडे बघायला लागला. तू कपाळ चोळत हसत होतीस आणि मी म्हणत होते, "मॅडम, लागलं का?"

"सुवर्णा म्हणा, बाई."

"घरी सुवर्णा. विभागात मॅडम. शिस्त म्हणजे शिस्त."

"मग मी तुम्हाला काय म्हणू?"

"बाई म्हण. म्हणजे म्हणा."

हे भांडण आपलं शेवटपर्यंत मिटलं नाही. तू मला 'बाई' म्हणून हाक मारायचीस आणि मी उभी राहून 'येस मॅडम' म्हणायचे. बाकीचे विद्यार्थी गालातल्या गालात हसायचे.

त्या बाकीच्यांबद्दल काय सांगू! सगळी पोरं माझ्या धाकट्याच्या वयाची. मी पहिल्या बाकावर, वहीला कव्हर घातलेलं, दोन पेनं, एक टोक काढलेली पेन्सिल. ती लॅपटॉप उघडून टकाटक टाईप करायची आणि मी समास आखत बसायचे. कोर्सवर्कच्या दुसऱ्याच तासाला मागे दोन मुलं कुजबुजायला लागली. मी वळून दरडावलं, "ए, काय चाललंय रे?" मुलं गप्प झाली ती झालीच, शिकवणारे पाहुणे सरसुद्धा बोलायचे थांबले. तू मला केबिनमध्ये बोलावून समजावलंस, "बाई, इथे तुम्ही विद्यार्थी आहात." मी म्हटलं, "विद्यार्थी असले म्हणून काय गोंधळ चालू द्यायचा?" तू कपाळाला हात लावलास.

हसतेस काय? मला रडू यायचं त्या दिवसांत. ग्रंथालयाचा पासवर्ड मला लक्षात राहायचा नाही, शेजारची मुलगी घालून द्यायची. इंग्रजी शोधनिबंध वाचताना पहिल्याच परिच्छेदात दम लागायचा. संदर्भसूची कशी करतात हे तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटायची. आयुष्यभर फळ्याच्या जवळ उभी राहिलेली मी, बाकावर बसल्यावर कळलं फळा किती लांब असतो ते. माझ्या वर्गात जी मुलं नुसती मान डोलवायची, त्यांचं काय होत असेल हे मला तेव्हा समजलं. परतीच्या गाडीत खिडकीकडे तोंड करून बसायचे.

आता विषयाचं. गावातल्या मुली शाळा का सोडतात, हा माझा विषय. मी पहिल्याच बैठकीत तुला सगळं सांगून टाकलं होतं. शाळा लांब असते, घरात धाकटी भावंडं असतात, सुगी असते, लग्नाची घाई असते, आणि या सगळ्यावर उपाय एकच, शिक्षकाने घरी जाऊन बापाला समजावणं. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "बाई, उत्तर तर तुमच्याकडे तयारच आहे. मग पीएचडी कशाला करताय? प्रश्न घेऊन या." इतका राग आला होता मला! मी म्हटलं, मी काय नोकरीला लागल्यापासून गवत उपटत होते का? गाडीत बसेपर्यंत पुटपुटत होते.

मग तू मला मुलाखती घ्यायला पाठवलंस. शाळा सोडलेल्या एका पोरीच्या आईशी मी बोलले, फोनवर रेकॉर्ड केलं आणि मोठ्या ऐटीत तुझ्यासमोर लावलं. आपण दोघी ऐकायला बसलो. माझाच आवाज येत होता. "घरात काम खूप असतं, म्हणून मुलीला शाळेतून का...?" आणि ती बाई म्हणायची, "काढलं." "शिकली असती तर तिचं भलं झालं अ...?" "असतं." वर्गात आम्ही करतो तसं! अर्धं वाक्य बाईंनी म्हणायचं, उरलेला तुकडा पोरांनी एका सुरात जोडायचा. सगळी मुलाखत मीच दिली होती, त्या माउलीने नुसते शेवट भरले होते. तू आधी ओठ दाबून बसलीस, मग डोकं टेबलावर ठेवून हसलीस, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. मीही हसले. काय करणार, हाडात मुरलेलं होतं ते.

मग तू खणातून कागदाची पुडी काढलीस. त्यात शेंगा होत्या. "बाई, पुढच्या वेळी शेंगा घेऊन जा. एक प्रश्न विचारायचा आणि शेंग सोलायला घ्यायची. समोरचं माणूस बोलेपर्यंत सोलत राहायचं. तोंड उघडायचं ते दाणा टाकायला." मला वाटलं थट्टा करतेस. तर म्हणालीस, "हात कामाला लागले की माणूस आपोआप बोलतं. आणि नाही बोललं, तर तेही लिहून ठेवायचं." मी विचारलं, हे कुठल्या पुस्तकात आहे, संदर्भ कसा द्यायचा? तू नुसतीच शेंग फोडलीस. त्यानंतर मी कुणाचं वाक्य पुरं करायला लागले, की तू म्हणायचीस, "शेंगा सोला, बाई." चारचौघांतसुद्धा.

आणि मग ते आपलं खरं भांडण.

मी ती गोष्ट सगळीकडे सांगायचे. निरोप समारंभात, शिक्षक दिनाला, विभागातल्या त्या पोरांपुढेसुद्धा. तू आठवीत असताना तुझ्या वडिलांनी तुला शाळेतून काढायचं ठरवलं. मी शाळा सुटल्यावर तुमच्या वस्तीवर गेले. अण्णांशी बोलले, पोरगी हुशार आहे म्हटलं, वाया घालवू नका म्हटलं. अण्णांनी हात जोडले, 'व्हय बाई, तुमी म्हनताय तर शिकवतो' म्हणाले. दिवाळीच्या सुट्टीनंतर तू वर्गात हजर. आणि आज बघा, तीच मुलगी माझी गाईड! इथे टाळ्या पडायच्या. तू मान खाली घालून हसायचीस. मला वाटायचं, लाजतेस.

त्या दिवशी केबिनमध्ये मी हीच गोष्ट माझ्या प्रबंधाच्या प्रस्तावनेत घालते म्हटलं. तू विचारलंस, "बाई, अण्णा 'व्हय' म्हणाले तेव्हा अव्वा काय करत होती?"

तुझी आई अक्कलकोटकडची, कानडी बोलणारी, म्हणून तुमच्या घरात आईला 'अव्वा' म्हणायचे, हे मला ठाऊक होतं. बाकी तिच्याविषयी मला काय ठाऊक होतं? मी म्हटलं, "अगं, चहा करत होती. दुसरं काय करणार?"

"विचारलंत तुम्ही?"

"त्यात विचारायचं काय? कप तिनेच आणून दिले."

"विचारा कधीतरी," तू म्हणालीस.

मी चिडले. म्हटलं, मॅडम, जे माझ्या डोळ्यांसमोर झालं ते मी कुणाला विचारायला जाऊ? पुढचे दोन शनिवार विभागात आले तरी मी तुझ्याशी कामापुरतंच बोलले. मग तुला ताप आला, आणि ते भांडण तसंच राहिलं. दवाखान्यात मी तुझ्या उशाशी शेंगांची पुडी ठेवली होती, माहीत आहे का तुला? नर्सने उचलून मला परत दिली.

तू गेल्यावर मी ठरवलं, बस झालं. विभागाने मला नवे गाईड दिले. भला माणूस आहे. म्हणाले, "बाई, मुलाखतींच्या भानगडीत पडू नका. प्रश्नावली भरून घ्या, लवकर मोकळ्या व्हाल." सोमवारी समितीपुढे विषय मांडायचा आहे, तोही त्यांनी आटोपशीर करून दिला. पण मला त्यांच्यापुढे उभं राहून 'येस सर' म्हणवेना. मोकळं व्हायला आले नव्हते मी. आमचे हेसुद्धा म्हणाले, "पुरे झालं आता, जिवाला त्रास." कधी नव्हे ते मला त्यांचं पटलं. नाव काढून घ्यायचं ठरवलं आणि तू दिलेली पुस्तकं पिशवीत भरून शनिवारी दुपारी तुझ्या सोलापूरच्या घरी गेले. म्हटलं, अव्वांकडे देऊन मोकळं व्हावं.

अव्वा खाली बसल्या होत्या. समोर सूप आणि गावाकडून आलेल्या शेंगांचं पोतं. तू गेलीस म्हणून कामं थोडीच थांबतात. "या," म्हणाल्या. "ठिवा तितं पुस्तकं." मी भिंतीला टेकून बसले. दुःखाच्या घरी काय बोलायचं ते मला पाठ आहे, शाळेच्या वतीने कितीतरी घरी जाऊन बोललेय मी. "देवाच्या मनात काय असतं, आपल्या हातात का काही..." अशी सुरुवात केली आणि मला माझाच आवाज ऐकू आला. अर्धं वाक्य मी म्हटलं होतं आणि उरलेलं त्या माउलीने भरायची वाट बघत होते.

लाज वाटली गं. सुपातून मूठभर शेंगा घेतल्या आणि सोलायला लागले. पंखा फिरत होता, बाहेर ऊन रणरणत होतं. मग मी तुझा प्रश्न विचारला. "अव्वा, मी त्या वर्षी वस्तीवर आले होते. सुवर्णाच्या वडिलांशी बोलायला. तेव्हा तुम्ही काय करत होतात?"

आणि गप्प बसले. 'चहा करत होतात ना?' अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. दाणा तोंडात टाकला.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग त्या म्हणाल्या, "च्या केला की. तुमी पिऊन गेला. तुमी सडकंपातूर बी पोचला नसाल, तवर हे म्हनले, बाईंचा मान राखला, आता पोरगी उद्यापास्नं रानात."

मी शेंग फोडली.

"मी काय बोलले न्हाय. त्या रोजापास्नं बोललेच न्हाय. भाकरी दिली, कालवन वाढलं, पानी दिलं. रानात संगं काम केलं. पर तोंडातनं शबुद न्हाय. शेंगा निगाल्या, ज्वारी पेरली, तरी न्हाय. सासूनं शिव्या दिल्या. भाऊ आला अक्कलकोटास्नं, समजावाया. त्येच्याशी बोलले, कानडीत. ह्यांच्याशी न्हाय."

पुढे त्या थांबल्या. मीही थांबले.

"एक दिस असंच शेंगा सोलत बसलो हुतो, मी अन् सुवर्णा. हे आले. म्हनले, अगं पायजे तरी काय तुला? मी सोलत राहिले. तितंच बसले मग, पुढ्यात. लई येळ बसले. आपनच म्हनले, जाऊ दे तिला साळंत. मग म्या म्हनलं, हातपाय धुवा, जेवाय वाढते."

सुवर्णा, तू तिथे होतीस. वेण्या घातलेली, मांडीत शेंगा घेऊन. सगळं पाहत होतीस. आणि इतकी वर्षं माझी गोष्ट, माझ्या टाळ्या, मान खाली घालून ऐकत राहिलीस. सरळ सांगितलं का नाहीस मला? चिडू की रडू तेच कळेना. अव्वांना ते दिसलं असावं. म्हणाल्या, "मी म्हनायची तिला, सांग की बाईंस्नी. तर म्हनायची, बाई आल्या ते बी खरंच हाय की. गावातनं दुसरं कोन आलं हुतं? अन् बाकीचं त्या इचारतील तवा सांग."

म्हणजे तू माझ्यासाठी वाक्य पुरं करणार नव्हतीस. माझी बाई होऊन बसली होतीस, शहाणे. आणि चांगली बाई होतीस. हे तुझ्या तोंडावर एकदाही म्हटलं नाही मी, मला वाटलं आहे की वेळ. तो प्रश्न माझा होता आणि तू तो माझ्या हातात देऊनही मी घेतला नव्हता. घरातला पुरुष 'व्हय' म्हणतो, त्याच्या आधी आणि नंतर घरातली बाई काय करत असते? किती घरी गेले मी, किती चहा प्याले. एकीलाही विचारलं नाही.

अव्वांनी पुस्तकांच्या पिशवीकडे पाहिलं. "परत आनली पुस्तकं. म्हंजी तुमी बी साळा सोडली म्हना की."

मी म्हटलं, "तसं नाही हो. गुडघे दुखतात माझे. गाडीचा प्रवास झेपत नाही."

त्या शेंगा सोलत राहिल्या.

"घरी हे एकटे असतात. त्यांचंही आता वय झालं."

टरफलांचा आवाज तेवढा येत होता.

"नवे सर आहेत तसे चांगले. पण माझं काम त्यांना नाही कळायचं." त्या वर बघेनात. "आणि ती नाही तिथे, अव्वा. त्या दारावर तिची पाटी नाही. कुणासाठी जाऊ मी?"

काही नाही. मला कळत होतं माझ्यावर काय चाललंय ते. कळून उपयोग नव्हता. तुझे वडील ज्या जागी बसले होते, तिथे मी बसले होते, आणि माझ्याजवळची कारणं एकेक करून संपली होती. ती बाई, जिची लेक गेली होती, एका शब्दानेही मला थांबवत नव्हती की जा म्हणत नव्हती. शेवटी मीच म्हटलं, "जाते मी. सोमवारी समितीपुढे उभी राहते. प्रश्न सांगते माझा, नव्या सरांनाही सांगते."

तेव्हा कुठे त्यांनी मान वर केली. "मग पुस्तकं घिऊन जावा."

पिशवी पुन्हा उचलली. दारात चपला घालत होते तेवढ्यात त्या मागून आल्या आणि पुस्तकांवर ओंजळभर शेंगा टाकल्या, न सोललेल्या.

"तितं लागतील की," म्हणाल्या.